वैजूचा दुधाचा पेला

झुंबरअक्का,

भडगावहून निरोप आला, आईला दवाखान्यात नेलंय. तुम्ही आरतीला गेला होतात म्हणून चिठ्ठी ठेवून सहाच्या एसटीनं निघते. दूध तापवून झाकलंय. वैजूला शाळेआधी पेलाभर द्या, पण साय काढून. साय दिसली की ती तोंड फिरवते.

माझ्या हातून दोन वर्षं पोरीनं दूध घेतलं नाही. तुम्ही राहायला आलात आणि पेला रिकामा होऊ लागला. पोरांना चहा नको म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, तरी तुम्ही उलटून बोलला नाहीत.

तिच्या दुधात तुम्ही चमचाभर चहा घालता, हे पेला विसळताना मला दिवाळीपासूनच कळतंय. चहाचा डबा वरच्या फळीवरून काढून तुमच्या हाताशी ठेवलाय.

तुमची,
मंजुळा