पहिलं उड्डाण कुणी करायचं

विरोक्वा, विस्कॉन्सिन
९ एप्रिल १९९६

ती. अर्डिसअक्कास,
धाकट्या व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी, दोन्ही धड पोचली. डलुथला सरोवरावर अजून बर्फ आहे म्हणतेस. इथलं बर्फ सरलं आणि आता नुसता चिखल.

बातमी एकच आहे, पण मोठी आहे. विमान पुरं झालं! पत्रा जोडणारा शेवटचा रिव्हेट रविवारी चर्चहून आल्यावर मारला. मार्लिस शेपटीच्या नळकांड्यात आडवी पडून रिव्हेटमागे लोखंडी ठोकळा धरून होती आणि मी बाहेरून रिव्हेट ठोकायची गन चालवत होतो. झालं म्हणून मी नाचायला लागलो, तर आतून तिने ओरडून सांगितलं की नाच मागाहून कर, आधी माझे पाय धर आणि मला बाहेर ओढ, कंबर गेली माझी.

सुटे भाग पेट्यांतून आले तेव्हा तीन वर्षांत उडेन म्हणालो होतो. नऊ लागली. इतके हिवाळे गॅरेजमध्ये विमान आणि गाडी बाहेर बर्फात. मार्लिस रोज सकाळी काच खरवडायची आणि नवऱ्याला शिव्या द्यायची, पण ठोकळा धरायला हाक मारली की यायची.

आता पंख आणि धड आमच्या विमान-मंडळातल्या हार्लनच्या धावपट्टीवर नेऊन जोडायचं. सरकारी तपासनीस मे महिन्यात येईल. नियमाप्रमाणे सुरुवातीचे बरेच तास विमानात एकाच माणसाने बसायचं असतं. तो एक माणूस कोण हे तुला सांगायला नको. चीजच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होतो तेव्हापासून मी ह्या दिवसाची वाट बघतोय.

तब्येतीला जप. तुझ्या भावावर आहे तेवढी माया असू दे.

तुझा,
व्हर्लिन


डलुथ, मिनेसोटा
२० एप्रिल १९९६

चि. व्हर्लिन यास,
अर्डिसचे अ. उ. आ.

पत्र वाचून आनंद झाला. शेजारच्या इंगाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, की गॅरेजमध्ये केलेल्या वस्तूत हा माणूस खरंच बसणार आहे का? मी म्हटलं, तो लहानपणापासून असाच आहे.

पण एक विचारते, रागावू नकोस. तू शेवटचा कधी उडालास? तुझं लायसन्स मी पाहिलंय, बैठकीत भिंतीवर टांगलंय. नाताळात मार्लिस उड्डाण क्लबचं विमान घेऊन प्रेरी डू शीनला बहिणीकडे जेवायला गेली होती, तेव्हा तू गॅरेजमध्ये वायरी जोडत होतास. त्याच्या आदल्या नाताळातही तेच. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण नऊ वर्षं पोहला नाही त्याने सरळ खोल पाण्यात उडी मारू नये, एवढं कळतं.

दुसऱ्या कुणी आधी उडवून बघितलं तर काय बिघडेल? मार्लिसला विचार. उलट टपाली कळव, नाहीतर माझा जीव टांगणीला राहील.

मनापासून तुझी,
अर्डिस


विरोक्वा
१३ मे १९९६

ती. अर्डिसअक्कास,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल माफी. तुझं पत्र वाचून मी जरा फुगलो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. आता तर आणखी फुगलोय.

आमच्या विमान बांधणाऱ्यांच्या मंडळाची एक रीत आहे. पहिल्या उड्डाणाआधी सगळी झाकणं उघडून ठेवायची आणि मंडळी बॅटऱ्या घेऊन तुटून पडतात. कौतुक करायचं नाही. निदान एक खोट काढल्याशिवाय कुणाला भाजलेलं सॉसेज मिळत नाही. काल माझ्या विमानाची पाळी होती. कुणाला पेट्रोलच्या नळीला घासणारी तार सापडली, कुणाला घालायची राहिलेली एक खीळ. शेपटीत मार्लिसचा चष्मा निघाला! दोन वर्षं ती तो मी हरवला म्हणत होती. तो तिथे राहिला असता तर शेपूट हलवणाऱ्या दांड्यात अडकून माझंच मरण झालं असतं, म्हणून मी मुकाट्याने आभार मानले.

हार्लन मात्र दुपारभर फिरून रिकाम्या ताटलीनिशी उभा. शेवटी म्हणाला, की विमानात सैल काही नाही, सैल आहे तो चालवणारा. बांधणाऱ्यांचं हे नेहमीचंच होतं, म्हणाला, बांधण्याच्या नादात उडणं सुटतं आणि मग माणूस स्वतःच्या हाताने केलेल्या विमानात स्वतःला संपवतो. आणि त्याने सॉसेज उचललं. सगळ्यांसमोर. मार्लिस मान खाली घालून कॉफी ओतत राहिली.

आता मी क्लबच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर बसतो आणि सगळ्यांची तोंडं बंद करतो. शॅनन नावाची पोरगी आहे. जून उजाडायच्या आत एकट्याने उडायला लायक असल्याची तिची सही घेईन.

तुझा,
व्हर्लिन


विरोक्वा
२९ मे १९९६

ती. अर्डिसताईंना,
मार्लिसचा सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिलेलं व्हर्लिनला ठाऊक नाही. रागावला तर रागावू दे.

शॅननने सही दिली नाही. तो उतरताना विमान तीनदा उसळलं आणि चौथ्यांदा तिने दांडा स्वतःच्या हातात घेतला. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा हात सारखा आपल्या विमानातली बटणं जिथे आहेत तिथे जात होता. नऊ वर्षं गॅरेजमध्ये आपल्या विमानाच्या खुर्चीत बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता ना! शॅनन म्हणते, हात परत बसेल, पण महिना-दोन महिने लागतील. तो घरी आला, बूटसुद्धा न काढता गॅरेजमध्ये जाऊन बसला. गॅरेज आता रिकामं आहे, ताई. तिथे बसण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून विमानाची किल्ली खिशात घेऊन हिंडतो. मला भीती वाटते, एखाद्या दिवशी कुणाला न सांगता जाईल.

हार्लन मला म्हणाला, की हे विमान तूच उडव. मला उडवता येईल. मी क्लबचं तसलंच विमान दर आठवड्याला उडवते. उडायला मला व्हर्लिननेच लावलं होतं. वर असताना आपल्याला काही झालं तर कुणीतरी खाली आणायला हवं, म्हणाला होता. पण हा दिवस त्याचा आहे. तो मी कसा घेऊ? तुम्हीच सांगा.

मुलांचं ठीक आहे. तुमचा आधार वाटतो, तो असाच राहू द्या.

तुमची,
मार्लिस


डलुथ
३ जून १९९६

चि. व्हर्लिन यास,
अ. उ. आ.

मार्लिसने मला सगळं कळवलंय. तिच्यावर ओरडायचं असेल तर आधी मला फोन कर आणि माझ्यावर ओरड.

सरळ लिहिते. ते विमान तुझ्या एकट्याचं नाही. प्रत्येक रिव्हेटला एक तू होतास आणि पलीकडे ती होती. तू बाहेर उभा होतास, ती आत आडवी पडली होती. तेव्हा पहिल्या उड्डाणावर तिचा निम्मा हक्क आहे, आणि उडता तिलाच येतंय. दोन महिने थांबायचं तर थांब, मला आनंदच आहे. पण तुझ्याने थांबवत नाही हे तुलाही ठाऊक आहे. मग किल्ली तिला दे.

आई गेली, बाबा गेले, आता माहेरचा म्हणून तू एकटा उरलास. मला तू हवा आहेस, व्हर्लिन. विमान नसलं तरी चालेल.

तुझीच,
अर्डिस


विरोक्वा
१४ जुलै १९९६

ती. अर्डिसअक्कास,
सा. न. वि. वि.

किल्ली दिली. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस खिशात ठेवली आणि मग न्याहारीला तिच्या ताटलीशेजारी ठेवली. ती म्हणाली, खरंच का? मी म्हटलं, अंडी गार होतायत.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, वारा नसताना, तिने विमान वर नेलं. हार्लनने हातात रेडिओ दिला आणि मला कुंपणापाशी उभं केलं. धावपट्टीच्या निम्म्यातच चाकं सुटली. सगळे ओरडले. मी ओरडलो की नाही आठवत नाही.

लोक म्हणतात, स्वतः पहिलं उड्डाण करणाऱ्याला आपलं विमान उडताना दिसत नाही, तू नशीबवान, खालून बघितलंस. तर ऐक. ती धावपट्टीच्या वर घिरट्या घेत होती, पाऊण तास असेल. विमान टेकल्यावर हार्लनने मला विचारलं, की डावा पंख किंचित खाली राहत होता ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला सांगता येईना. मी पंख बघितलाच नव्हता. नऊ वर्षं त्या पत्र्याचा इंच न् इंच हाताने चाचपला, आणि ते वर गेलं तेव्हा मी विमान बघितलंच नाही, अक्का. वर मार्लिस होती, तेवढंच दिसत होतं. इंजिनाचा आवाज जरा बदलला की मी कुंपण घट्ट धरायचो. मी जोडलेला एकेक बोल्ट आठवत होता आणि एकाचीही खात्री वाटत नव्हती.

ती हसत खाली उतरली आणि म्हणाली, डावा पंख थोडा जड आहे, बाकी झकास. मला तिला मिठी मारायची होती, पण मी आधी गवतातच बसलो.

शॅननने काल मला सही दिली. पुढचं उड्डाण माझं, असं मार्लिसने सगळ्यांसमोर सांगून टाकलंय. हार्लन तर उद्याच ये म्हणतो. पण मी आज पुन्हा शॅननकडे जाऊन आणखी महिनाभराचे धडे लावून आलो. सही झाली असताना कशाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी वर जाईन तेव्हा कुंपणापाशी मार्लिस उभी असणार आहे.

ओशकोशचा विमानांचा मेळावा ह्या वर्षी हुकणार. ऑगस्टात इकडे ये, तुलाही कुंपणापाशी जागा ठेवतो. तुझी माया आहे म्हणूनच हे लिहायला उरलोय, ती कमी करू नकोस.

तुझा,
व्हर्लिन