मांडवाच्या उंबरावरचा नाचरा

पिंपळगाव रेणुकाई,
चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८५८

तीर्थरूप तुळजाआक्कांस,

धाकट्या बद्रीनाथाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे ठीक. विहिरीला अजून पाणी आहे. तुझ्या भावजयीचे गुडघे दुखतात, पण तोंड बराबर चालू आहे. दाजींचा खोकला गेला असेल. माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही; कामाचे दिवस आहेत, असं मी धरून चाललो. हे पत्र नेहमीप्रमाणे तुझा लेक धर्मराजच तुला वाचून दाखवत असेल. त्याला आशीर्वाद.

सोनूचं लग्न ठरलं. मुलगा धावड्याचा, नाव भुजंग, घरची शेती. वैशाख वद्य पंचमी.

आता एका पाखराबद्दल लिहितो. तू म्हणशील, लेकीचं लग्न दोन ओळींत आटोपलं आणि पाखराला कागद दिला. तसंच झालं आहे खरं.

पाखरू चिमणीएवढं. आपल्याकडे त्याला नाचरा म्हणतात. अंग धुरकट काळं, पोट पांढरं, डोळ्यावर खडूनं ओढावी तशी पांढरी भुवई. शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, अर्धी गिरकी घ्यायची, पुन्हा उघडायचा, दिवसभर हेच. ढोरं पाणी प्यायला आली की त्यांच्या पाठीवरच्या माश्या हवेतच टिपतं. पंखा फुलवल्यानं पानांत दडलेले किडे उडत असावेत आणि म्हणूनच तो फुलवत असेल, असं मी रोजनिशीत लिहिलं होतं. मग वाटलं, हे मी पाहिलं की नुसतं मानलं? म्हणून पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

विहिरीकाठच्या डाळिंबावर त्यानं घरटं बांधलं. अर्ध्या लिंबाएवढी वाटी, बारीक गवताची, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली. मी रोज जाऊन बघायचो. एके दिवशी वाटीचा काठ उसवलेला दिसला. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी गायब. आपल्या रानात धुळाजीची मेंढरं बसलेली आहेत. मी सरळ त्याच्यावर गेलो.

"धुळाजी, घरटं कुणी काढलं?"

"अण्णा, म्या कशाला काढू? मेंढरायला काय घरटं चारू का?"

"मग तुझ्या लेकरांनी काढलं असेल."

"माही लेकरं कवाच मामाच्या गावाला गेल्ती. तुम्ही बी ना, आधी फासावर चढवता आन् मंग नाव इचारता."

संध्याकाळी बांधाआड बसून पाहिलं. आक्का, घरटं नाचरा स्वतःच मोडत होता. एक एक धागा चोचीत धरून ओढायचा आणि विहिरीपलीकडच्या उंबरावर नेऊन नव्या जागी लावायचा. जुनंच सामान, नुसतं बिऱ्हाड दुसरं. धुळाजीची माफी मागितली. तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "रोज नाकापाशी तोंड नेऊन बसता. पाखरू काय करंल? म्या बी बिऱ्हाड हलवलं असतं."

अडचण अशी की नवं घरटं त्या उंबराच्या खालच्या फांदीवर आहे. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवाचा पहिला डहाळा त्याच फांदीचा, आणि तो तोडून गाडीत घालून वाजतगाजत दारी आणायचा मान घरच्या जावयाचा, म्हणजे दाजींचा. यंदा त्या फांदीला कोयता लावायचा माझा धीर होत नाही. केदारखेड्याला तुमच्या बांधावर उंबर आहेच. तिथले डहाळे येऊ शकतील का, एवढं दाजींना विचारावं.

आज्ञेतला भाऊ,
बद्रीनाथ


पिंपळगाव रेणुकाई,
वैशाख शुद्ध चतुर्थी

तीर्थरूप तुळजाआक्कांस सविनय नमस्कार.

कालच्या आखाजीला तुझ्याकडून कुणी येईल असं वाटलं होतं. आमरसाचं एक ताट जास्तीचं वाढलं गेलं. ते धुळाजीनं संपवलं.

डहाळ्यांबद्दल निरोप नाही. मी पुन्हा विचारत नाही, फक्त पाखराची हकिगत पुरी करतो.

डाळिंबापाशी मादी अंड्यांच्या तयारीला लागली आणि नर गातो, असं मी कुणाकुणाला सांगत होतो. ते मागे घेतो. उंबरावर अंडी झाल्यावर पाहिलं, तर दोघंही पाळीपाळीनं बसतात. एक आलं की दुसरं उठतं, आणि दोघं इतकी सारखी की कोण कोण हे मला सांगता येत नाही. अंडी तीन होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची, रुंद टोकाला तपकिरी ठिपक्यांचं कडं. मी विहिरीच्या अलीकडूनच बघतो. फांदीखालून बैल गेले तरी पाखरू हलत नाही. माणूस थांबून टक लावून बघू लागला की अस्वस्थ होतं. दोन अंड्यांतून पिल्लं निघाली. तिसरं तसंच राहिलं.

परवा एक कावळा फांदीवर उतरला. त्या मूठभर जिवानं त्याला असं झोडलं की तो पार वेशीपर्यंत पळाला, आणि हा त्याच्या पाठीवर चोची मारत मागे. तुझी आठवण आली. रागावू नकोस.

भावकीतले काकासाहेब काल ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "पाखरापायी मांडव अडून राह्यला म्हणं तुमचा? पुण्याच्या कॉलेजात हेच शिकवत व्हते का?" मी म्हणालो, पिल्लं मांडवाआधी उडतील बहुधा. ते म्हणाले, "आन् न्हाई उडाली तर?" मग त्यांनी खरा प्रश्न काढला: "जावई येणार का न्हाई, ते सांग. फांदीचं निमित्त कशाला करतो?"

तेव्हापासून मनाशी तपासतो आहे. पिल्लांची काळजी खोटी नाही. पण त्या पिल्लांआडून मी तुला बोलावतो आहे, हेही खोटं नाही.

सोनूला सून करून न्यायचा तुझा हक्क होता. बहिणीचा तो हक्क असतोच, तुझा तर दुप्पट. मानमोडीच्या साथीत हिची आई अंथरुणावर, आणि तुझं तान्हं त्याच तापात गेलेलं. तरी तू पंधरा दिवसांची सोनू उचलून छातीशी धरलीस. ती जगली ती तुझ्या दुधावर. दोन वर्षांपूर्वी तू मागणी घातलीस आणि मी म्हणालो, "माझी इच्छा नाही." तू म्हणालीस, "शिकला म्हणून बहिणीचं पोरगं हलकं झालं का रे?" आणि उठून गेलीस. धर्मराज मला कधीच हलका वाटला नाही, एवढं आज लिहितो.

पुढचा मजकूर वाचणाऱ्यासाठी आहे. धर्मराज, हे मोठ्यानं वाचायचं की मनात, हे मी तुझ्यावर सोडतो. तुला मी शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. तुझ्या आईनं मला जन्मभर गर्विष्ठ म्हटलं तरी चालेल. पण सोनू रोज विचारते, आत्या येणार ना? तिला काय सांगू? तुझ्या खांद्यावर हे ओझं देऊन मी शब्द न मोडताही मोडतो आहे का, याचा विचार करून हा भाग दोनदा खोडला. तिसऱ्यांदा ठेवला. तू नाही वाचलास तरी मी तुझा मामाच आहे.

दाजींना नमस्कार.

बद्रीनाथ


पिंपळगाव रेणुकाई,
वैशाख वद्य प्रतिपदा

आक्का,

दाजी काल दुपारी आले. पाणी घेतलं, गूळ खाल्ला. मग म्हणाले, "बद्रीनाथ, तुमचं पत्र लई महागात पडलं मला." मी घाबरलो. ते म्हणाले, "चार दिवस झाले, घरात आमटीला मीठ न्हाई आन् बोलण्याला मिठास न्हाई."

मग सगळं सांगितलं. वाचता वाचता धर्मराज अडला. तू म्हणालीस, "का रे, मामाचं अक्षर फुटलं का तुही जीभ?" त्यानं कागदाची घडी घालायला घेतली. तू म्हणालीस, "काकासाहेबांपर्यंत नीट वाचलं, दुधापर्यंत नीट वाचलं, आन् आता काय झालं?" आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. सगळं वाचलं, एक अक्षर न गाळता, आणि वाचून झाल्यावर स्वतःचं सांगितलं: की नाही म्हणणारा मामा नव्हताच. त्यानंच मला बांधावर गाठून विनवलं होतं. सोनू आपल्या आईच्या अंगावर प्यालेली, तिला आपण बहीणच समजत आलो, बायको म्हणून तिच्याकडे बघणं होणार नाही. आणि हे आईला सांगायचं तर तिला आपलं गेलेलं तान्हं आठवणार, तिचं काळीज फाटणार. म्हणून मामा, तुम्ही नाही म्हणा.

आक्का, ज्या दुधावर तू हक्क सांगितलास तेच त्याच्या आड आलं. यात कुणाला दोष द्यायचा ते मला दोन वर्षांत सापडलं नाही. बहुधा नसावाच.

तू दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस, असं दाजी म्हणाले. तिसऱ्या दिवशी चूल पेटवता पेटवता म्हणालीस, "मामा-भाचे दोघं मिळून मला येडी समजून राह्यले व्हते." आणि थोड्या वेळानं, "सून न्हाई तर न्हाई. लेक तर माझीच ठरली ना? मंग तिच्या मांडवाला डहाळा बी माझ्याच बांधावरचा. बद्रीच्या उंबराला कुणी हात लावला तर बघा." दाजींनी हे तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. तुझी भावजय पदर तोंडाला लावून हसली, आणि मग नुसताच पदर तोंडाला लावून बसली.

गाडी तेरशीला निघेल असं दाजी आधी म्हणाले. मी म्हणालो, तेरस तर लग्नानंतर येते, तेव्हा "बरं, तीजेला" असं त्यांनी कबूल केलं. धर्मराज हाकणार आहे. सोनूला सख्खा भाऊ नाही, म्हणून नवरदेवाचा कान पिळायला कोण उभा राहणार, ही चर्चा घरात महिनाभर चालली होती. धर्मराजनं निरोप पाठवला आहे की कान मीच पिळणार, आन् कानपिळीचा फेटा बी भारीतला घेणार. हे ऐकून सोनू दाराआडून म्हणाली, "दादाची मूठ नांगराची हाय. त्यांला आधीच सांगून ठेवा, न्हाई तर लगीन टाकून पळतील." दाजी इतके हसले की खोकला पुन्हा सुरू झाला. त्यांना काढा देऊन पाठवलं आहे.

पिल्लांचं सांगायचं तर, एक आज सकाळी उडालं. उडालं म्हणजे फांदीवरून डाळिंबात पडलं आणि तिथे चिवचिवत बसलं. शेपूट अजून आखूड, पण त्या आखूड शेपटीचाही पंखा करून बघत होतं. दुसरं वाटीतच आहे. मोठी दोघं कधी इकडे चारतात, कधी तिकडे. कोणतं पाखरू कोणत्या पिल्लाला चारतं हे ठरवायचा प्रयत्न केला, जमला नाही. ते दुसरं मांडवाच्या दिवसापर्यंत उडेल की नाही, मी आता मोजत नाही. तुझ्या बांधावरचा उंबर येतो आहे. त्या पिल्लाला हवा तेवढा वेळ आहे.

दाजींनी सगळं सांगितलं, एक सोडून. तू स्वतः गाडीत बसणार का, यावर ते म्हणाले, "ते मला न्हाई सांगितलं. मी बी न्हाई इचारलं. मला घरात ऱ्हायचंय." म्हणून मीच विचारतो, आणि या वेळी पाखराला मध्ये घेत नाही. ये. हळद लावायच्या आधी ये. सोनूला पहिली हळद तुझ्या हातची लागू दे. तिची आई म्हणते, दुसरी मी लावीन, पहिला मान माझा नाही.

हे वाक्य तिनंच मला सांगून लिहवलं. ती इथे शेजारी बसली आहे. सोनूच्या एका आईजवळ बसून लिहिलेलं हे पत्र दुसरीकडे पाठवतो आहे.

बद्री