दोन घरं उजळ

दि. ४ जुलै

चि. धाकटीस, अ. उ. आ.

माझ्या फोटोच्या दुकानात स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू मोजतो, हसू नकोस: राखी पडदा, दिवे टांगायच्या दोन घोड्या, डब्यांचा पत्रा कापून दिव्यांना केलेल्या झडपा आणि कातडीचा रंग जुळवायची, गडदपासून उजळपर्यंत सात घरांची पट्टी. शिकवणारा कुणी नव्हता. त्याच सामानावर तू शिकवतेस त्या वर्गाचे फोटो केले, तुझी लेक भिंगरी धरून वीस मुलं. आपापला फोटो हातात धरून प्रत्येकाने सांगायचं, मी कुणासारखा दिसतो, घरी कोणती भाषा बोलतो, हा तुझा खेळ मला आवडला. जशी आहेत तशी काढ, म्हणाली होतीस; पण तुला यातलं काय कळतं? प्रत्येक चेहरा पट्टीवर दोन घरं उजळ केलाय, तोही फुकट. भिंगरी रंगाने मेहुण्यांच्या वळणावर गेलेली, पण आता तुला ओळखूच येणार नाही!

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा पुरतो.

तुझा दादा

दि. ११ जुलै

ती. दादास, सा. न. वि. वि.

फोटो भिंतीवर लावले. ज्याने त्याने आपला ओळखून उतरवून आणायचा होता. बरीच मुलं नुसतीच घुटमळली. एकाने विचारलं, की मला अजून थोडं गोरं करून मिळेल का. भिंगरीने स्वतःचा फोटो उतरवला, पाहिला, परत लावला आणि रिकाम्या हाताने येऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, की ही मामाला हवी होती ती मुलगी आहे, मी नाही. दोन दिवस आरशापुढे पाठ करत होती, की माझा रंग बाबांचा, त्यांच्या मुलखाचा, आणि नाक मामाचं. त्यातलं अक्षरही बोलली नाही. आता मामाकडून फोटो काढायचाच नाही म्हणते.

तुझ्यावर चिडणार होते, पण कोणत्या तोंडाने? आदल्या संध्याकाळी तिचा फोटो लावताना किती छान आलीय, असं मीच मनात म्हणाले. तिची आई असून. यांना हे सांगायचा धीर अजून झालेला नाही.

भिंगरीचा राग ओसरेपर्यंत माया जपून ठेव.

तुझी धाकटी

दि. १६ जुलै

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टी घेऊन बसलो. भिंगरीच्या गालाशी जुळणारं घर शोधलं, तर नव्हतंच. सगळ्यात गडद घर मी माझ्या मनगटावरून घेतलं होतं. माणसाचा रंग तिथेच संपतो असं धरून इतकी वर्षं छापत आलो, आणि वर अचूकपणाच्या बढाया!

एकोणीस फोटो चेहऱ्यांना हात न लावता पुन्हा छापून पाठवतोय. मुलांना सांग, चूक फोटोवाल्याची होती, त्यांच्या तोंडांची नव्हे. भिंगरीचा छापलेला नाही. रविवारी येतो. ती नको म्हणाली तर कॅमेरा पिशवीबाहेर काढणार नाही. हो म्हणाली तर शेजारी बसून आपला रंग तिनेच ठरवायचा. मेहुण्यांपुढे मी स्वतः बोलेन, ते तुझ्यावर ढकलत नाही.

माया कमी झाली असेल तर तसंच कळव.

तुझा दादा

ता. क. लग्नं जुळवणाऱ्या कचेरीतला माणूस दुकानात आला होता. मुलींचे फोटो उजळून द्यायचे, वर्षभराचं काम. नाही म्हणालो. खरं कारण सांगायची मात्र लाज वाटली, वेळ नाही म्हणून सांगितलं. ऐंशी हजार देत होता.