अडीचशे तास

बाबा, तेल गळायला वेळ लागतो म्हणून लिहायला बसलो. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, ट्रॅक्टर सपाटीवर उभा केला, खालचा नट सोडला आणि घमेलं सरकवलं. आता धार बारीक होऊन थेंबावर येईपर्यंत मला काम नाही, आणि काम नसलं की माझं डोकं कुठं कुठं जातं हे तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टर आपला नाही. बार्शीटाकळीजवळ एका रिटायर मास्तरांच्या शेतावर मी चार महिन्यांपासून ड्रायव्हर आहे. चार महिने म्हणजे माझ्या मानानं पुष्कळ. त्याआधी बडनेऱ्याला ढाब्यावर होतो, त्याआधी मध्य प्रदेशात हार्वेस्टरवर, त्याआधी रिद्धपूरला एका खानावळीत. त्या खानावळीतल्या बाईंची एक गोष्ट आहे, पण ती सुरू केली तर सांगायचं ते राहून जाईल. आज सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन गोठ्याशी आले, ट्रॅक्टरच्या मीटरवर वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अडीचशे तास भरले बरं का. आज तेल-फिल्टर करून टाक." जन्म शाळेत गेला, म्हणून ते तास म्हणतात. मी हो म्हटलं, आणि मग बराच वेळ पाना हातात धरून नुसता उभा राहिलो.

मी इथं मला-तुम्हाला करत लिहितो आहे, ते तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "काहून रे, पुण्याहून आला का?" पण पेन धरलं की हात शाळेसारखा चालतो. शाळा सुटली तरी तेवढं राहिलं.

मी सातवीत होतो तेव्हा तुम्ही बैल विकले आणि अंजनगावच्या बाजूचा तो जुना ट्रॅक्टर आणला. त्याचं मीटर बंद होतं, काटा एका जागी चिकटलेला. सोबत मराठी पुस्तिका मिळाली होती, आधीच्या मालकाच्या काळ्या बोटांचे ठसे पानोपानी. तुम्ही ओट्यावर बसला आहात, मांडीवर पुस्तिका उघडी, पण उलटी नाही, कारण चित्रावरून सुलटी धरता येते. मला हाक मारता. "ये. काय लेहेलं हाय त्यानं, वाच." तुम्हाला अक्षरं लागत नव्हती आणि त्याची लाज तुम्ही कधी धरली नाही, कारण घरात वाचणारा मी होतो. फवारणीच्या डब्यावरचं, एसटीची पाटी, भजी बांधून आलेल्या कागदावरची बातमी, सगळं माझ्याकडून. मी मोठ्यानं वाचलं, "दर अडीचशे तासांनी इंजिनचे तेल व फिल्टर बदलावे." तुम्ही विचारलं, "किती?" मी परत सांगितलं. तुम्ही डोळे बारीक करून मनात काहीतरी मोजलं आणि म्हणालात, "म्हंजे नाल्यावरचं वावर दोनदा, अन् वरतचं एकदा झालं, का बदलाचं."

आपल्याकडे तास म्हणजे वावरातली ओळ. नांगराचं तास, कपाशीचं तास, तुरीचं तास. वावराच्या या टोकाच्या धुऱ्यावरून त्या टोकाच्या धुऱ्यावर पोचलं की एक तास झालं. घड्याळाच्या तासाला आपण घंटा म्हणतो. शाळेत गणिताचा तास असतो, तो शाळेपुरता. तुमची चूक कुठं होती? शब्द तुमचाच होता, तुम्ही तो तुमच्या अर्थानं घेतला. पाऊण पान खाली 'तास दाखवणारे मीटर' असं लिहून बाणाचं चित्र होतं. ते मी त्याच दुपारी वाचलं आणि मला कळलं. तुम्हाला सांगायला मी उठलोसुद्धा होतो. पण तुम्ही तोवर तुरीचे अडीचशे दाणे मोजून सदऱ्याच्या डाव्या खिशात भरले होते. प्रत्येक तास झालं की धुऱ्यावर वळताना एक दाणा डावीकडून उजवीकडे. ते पाहून मला हसू आलं आणि मी परत बसलो.

डावा खिसा रिकामा झाला की तेल बदलायचा दिवस. हंगामात तो आठवड्या-दीड आठवड्यानं यायचा. त्या दिवशी मला शाळा नाही. तुम्ही खाली पोतं अंथरून आडवे, मी वर पुस्तिका घेऊन. तुम्हाला सगळं पाठ झालं होतं, तरी म्हणायचे, वाच. मी वाचायचो, तुम्ही करायचे. सायकलच्या चेनीचा तुम्ही पाना केला होता, तो फिल्टरभोवती गुंडाळून झटका द्यायचे. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग सोबत आली का वर इंजिनालाच चिकटून राहिली, ते बोट फिरवून बघायचं. नव्या रिंगला ताज्या तेलाचं बोट लावायचं. "हातानंच आवळ," तुम्ही मला म्हणता आहात, "पान्यानं आवळशीन तं पुढच्या खेपेले तुह्या बापालेही खुलनार नाई." मग तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, घालायची, काढायची, उजेडाकडे धरायची. दोन खुणांच्या मधात तेल आलं की तुम्ही मला ती पट्टी दाखवायचे, जसं काही मी साहेब आहे आणि सही माझी लागणार आहे.

एरवी तुम्ही बोलणारे नव्हतेच. वावर, जेवण, झोप. पण तेल गळत असताना तुम्ही बोलायचे. विकलेल्या बैलांबद्दल, तुमच्या आईबद्दल, एकदा लहानपणी घर सोडून पायी पार अकोल्याला गेलात आणि कापसाच्या गाडीवर बसून परत आलात त्याबद्दल. माझ्या पायाला भिंगरी आहे ती कुठून आली ते मला तेव्हा कळलं. खरं सांगितलं असतं तर हा दिवस वर्षातून दोनदा आला असता. म्हणून मी सांगितलं नाही. हे कारण मी नंतर शोधून काढलं असं समजू नका, तेव्हाही तेच होतं. पण दुसरंही होतं. शाळेत मी पोरांना हे सांगून टाकलं होतं, आणि पोरं मला रोज विचारायची, "काय बे, किती तास झाले आज तुह्या ट्रॅक्टरचे? मधली सुट्टी देली का नाई त्याले?" आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

शेजारच्या काकांनाही माहीत होतं. प्रत्येक वेळी ते कॅन घेऊन हजर. तुम्ही काढलेलं तेल ते घेऊन जायचे आणि स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये ओतायचे. "करा भाऊ, बराबर करून राहिले तुमी," असं म्हणायचे, "इंजिनचं पोट साफ पायजेच." डिझेलच्या इंजिनात तेल दोन दिवसांत काळं पडतंच, म्हणून तुम्हाला प्रत्येक वेळी वाटायचं की वेळेवर काढलं. बोटात घेऊन चोळलं असतं तर कळलं असतं की त्यात अजून जीव आहे. पण पुस्तिकेत लिहिलेलं, आणि मुलानं वाचलेलं, त्याच्यावर तुम्ही बोट कशाला चोळाल?

मग अंजनगावचं ते पार्टचं दुकान. बाजाराचा दिवस, दुकानात सात-आठ माणसं. तुम्ही फिल्टर मागितला आणि दुकानदार म्हणाला, "काय बाप्पा, ट्रॅक्टर तेल खाऊन राहिला का तुमी पिऊन राहिले? मागच्याच बाजारी नेला ना फिल्टर?" तुम्ही सरळ सांगितलं, "अडीचशे तास झाले. पुस्तकात तसं लेहेलं हाय." तो म्हणाला, "आठ दिवसांत अडीचशे तास? झोपत नाई का तुमी?" तुम्ही उजव्या खिशातले दाणे काढून दाखवलेत. एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग कोपऱ्यातल्या मिस्त्रीच्या लक्षात आलं. "अरे भाऊ, तास म्हंजे घंटे. वावरातले तास नाई." दुकान हसलं. तुम्ही म्हणालात, "नाई नाई, माह्या पोरानं वाचून देल्लं," आणि मागं वळून पाहिलंत. मी पायरीवर उभा होतो आणि मीही हसत होतो. तोंड मिटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तुम्हाला सगळं दिसलं.

फिल्टर तुम्ही घेतलाच. घरी आई चुलीशी होती, भाकरी तव्यावर. तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "काई नाई. पोराले वाढ." मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात ते खरं आहे. मी जेवलो. अंबाडीची भाजी होती. तुम्ही जेवला की नाही ते मला आठवत नाही, आणि त्या दिवसातलं एवढंच मला आठवत नाही.

त्यानंतर तुम्ही मला कधी काही वाचायला सांगितलं नाही. ट्रॅक्टरचं तेल मिस्त्री येऊन बदलू लागला, तुम्ही बाजूला उभे. औषधाचा डबा आला की तुम्ही शेजारच्या काकांच्या पाचवीतल्या मुलीला बोलवायचे. "बाई, नीट वाच. घाई नोको करू." मी तिथंच बसलेला असायचो. ती अडखळायची, मला शब्द दिसत असायचा, आणि तुम्ही माझ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. रागानं नाही. राग असता तर कधीतरी उतरला असता. आटलेल्या विहिरीकडे आपण पाणी काढायला जात नाही, तसं ते होतं. मी दहावीला बसलो, आपटलो, आणि निघालो. तेव्हाही तुम्ही एसटीच्या पाटीकडे बोट करून कंडक्टरला विचारलंत, ही अकोल्याला जाते का. पाटी माझ्या डोक्यावर होती.

मधली वर्षं सोडतो, त्यात सांगण्यासारखं थोडं आहे आणि जे आहे ते तुमच्याशी जोडता येत नाही. शेवटच्या पोळ्याला मी घरी आलो तेव्हा तुमचा आवाज बसलेला होता. आई म्हणाली, तंबाखूच्या खर्ऱ्यानं घसा धरला, अकोल्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं, औषध चालू आहे. तुम्ही वाळला होतात. पुरणाच्या पोळीचा घास दुधात भिजवून, मान वाकडी करून गिळत होतात. मी आत आलो तशी तुम्ही एक पाकीट पेटीत, धोतराच्या घडीखाली सरकवलंत. मी काय आहे ते विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. गळ्याचंच आहे, एवढं म्हणालात. तीन दिवस मी राहिलो आणि चौथ्या दिवशी हार्वेस्टरवाल्याचा फोन आला म्हणून गेलो. थंडी संपायच्या आत तुम्ही गेलात.

मातीनंतर आईनं सांगितलं की दवाखान्यातल्या डॉक्टरनं तुम्हाला दोनदा बजावलं होतं, पुढच्या वेळी मुलाला घेऊन या, कागद त्याला वाचू द्या, नागपूरला न्यावं लागेल. तुम्ही हो म्हणालात आणि पाकीट पेटीत ठेवलंत. आई मला विचारत होती, "तुले काईच सांगतलं नाई त्यायनं?" मी म्हटलं, नाही. ते खोटं नव्हतं. "मले माईतच नोतं आई," असंही म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की बापानं मुलाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, त्याला त्रास नको म्हणून. आता ती माझ्या लग्न झालेल्या ताईकडे असते, तिथंही तेच सांगते. इथल्या मास्तरांच्या भावाला गळ्याचं हेच झालं होतं. वेळेवर नागपूरला नेलं. परवा तो माझ्यासोबत बैलबाजार फिरून आला, आवाज घोगरा आहे, पण भाव करताना भांडतो.

थेंब थांबले. नट लावायला हवा, फिल्टर बसवायला हवा, मास्तर दोनदा डोकावून गेले. हा कागद कुठं पाठवणार, आणि इथं कोणाच्या हाती लागला तर आईपर्यंत जाईल. म्हणून फाडणार आहे. फाडायच्या आधी एवढंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वावरात होता, आई नळावर गेली होती. मी पेटी उघडली. इंग्रजीत होतं, बोट ठेवून ठेवून वाचलं. बरेचसे शब्द लागले नाहीत, एक लागला, आणि तो एकच पुरेसा होता. कागद होता तसा घडी करून ठेवला. मग दोन दिवस वाट पाहिली, की तुम्ही म्हणाल, ये, काय लिहिलं आहे ते वाच. तुम्ही म्हणाला नाहीत आणि मला त्याचा राग आला. फोन हार्वेस्टरवाल्याचा आला नव्हता, मी लावला होता.

म्या वाचला होता बाबा, कागद.