बदल्यात बटाटे

प्रिय आईस, कुस्कोहून तुझ्या लेकीचा दंडवत.

मी ठणठणीत आहे, वसतिगृहात पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? गोठ्यातली लामा व्याली का?

तू पाठवलेली वाळवलेल्या बटाट्यांची गोणी मी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या बाईंपुढे ठेवली. "अगं, आम्ही मुलींकडून काही घेत नसतो," म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्या गावात भांडं रिकामं परत जात नाही. बटाटे घ्या, नाहीतर पुस्तकं परत न्या." गेलीच शिष्यवृत्ती, तर येईन बटाटे खणायला, पण मान खाली घालून शिकणार नाही.

गोणी त्यांनी नेली. आज भिजवलेले बटाटे घेऊन आल्या, "पुढे काय करायचं गं?" मी खुर्ची दिली नाही. शेजारी जमिनीवर बसवलं आणि बटाट्यांतलं पाणी पिळून काढायला लावलं.

तुझ्यावरच गेलेली,
सातुर्निना