काकांचा चौथा शेक

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस! किरणोपचार विभाग तळघरात असला तरी खोल्या लख्ख, यंत्र कोरं करकरीत आणि चहा फक्कड. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, त्यांचं दुखणं कमी व्हावं म्हणून पाच दिवस किरणांचा शेक देतात. माझे पहिले पेशंट एक शिंपीकाका, मणक्यात गाठी. पाठीवर शाईच्या खुणा करताना म्हणाले, पोरी, माप नीट घे, उसवायला वेळ नाही. त्यांना एकदा फक्त उठून बसून जेवायचंय.

५, बुधवार
तीन शेक झाले. काका उशीला टेकून दोन घास जेवले म्हणे. सुनेने माझे हात धरले.

६, गुरुवार
यंत्र दोन तास बंद. आमच्या मुख्य तंत्रज्ञ सरांनी काकांचं नाव खोडायला लावलं. म्हणाले, बरे होणारे आधी, हे काय आज ना उद्या जाणारच. इथली रीतच आहे ती. उद्याची यादी भरलेली. मी मुकाट्याने खोडलं, काकांना सोमवारी या म्हणाले. काका कण्हत परत गेले. सरांचा संताप येतोय, त्याहून माझा.

१०, सोमवार
काका काल गेले. शेवटपर्यंत ओरडत होते, सून म्हणाली. सर म्हणाले, चला, एक जागा मोकळी झाली. थोबाड फोडावंसं वाटलं.

११, मंगळवार
सव्वाचार, काकांच्या शेकाची वेळ. आत शेकाचं टेबल रिकामं, पण बाहेरच्या मॉनिटरवर काका त्यावर पालथे पडलेले. पाठीवर माझ्याच खुणा. आत धावले – कुणी नाही. बाहेर आले – आहेत.

१२, बुधवार
आजही. स्पीकरमधून तेच कण्हणं. रिकाम्या टेबलाला चौथा शेक दिला. मॉनिटरवर काका उठून बसले, हसले, उतरून गेले. लगेच एक बाई चढली – मागे रांग, दारापर्यंत. जुन्या याद्या काढल्या. खोडलेली नावंच नावं!

१३, गुरुवार
सरांना सांगितलं. वेड लागलंय म्हणाले. तिथे काही नाही, दाखवतो म्हणून आत जाऊन स्वतःच टेबलावर आडवे झाले. दार बंद – लाल दिवा, किरण सुरू – मी काहीही दाबलेलं नाही! पुढे कुणी विचारलं तर कळावं म्हणून एका हाताने लिहितेय. मॉनिटरवर रांगेतले सगळे सरांभोवती – कुणी हात धरलेत, कुणी पाय – सर किंचाळतायत. दुसरा हात थांबवायच्या बटणावर आहे. नुसतं दाबायचं. ती बाई कॅमेऱ्याकडे बघतेय – माझ्याकडे – आणि मला ते दाबावंसंच वाटत नाही –