एक खुर्ची जास्त

रविवार, ३ मे

जगातल्या अन्यायांची यादी कोणी करत असेल, तर तीत हॉटेलच्या साबणाला वरचं स्थान मिळावं, अशी माझी नम्र मागणी आहे. वडी बिस्किटाएवढी. तिच्यावरचा कागद कोरड्या हाताला उघडत नाही आणि ओल्या हाताला ओळखही देत नाही. शेवटी दातांनी फाडला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी नव्या नोकरीची सुरुवात साबण खाऊन झाली.

एवढी तक्रार सोडली, तर मी खूश आहे. खरंच. खोली छोटी, पण खिडकीत अख्खा समुद्र. ऑफिस धक्क्याच्या अगदी वर, टेबलाशी बसलं की होड्या दिसतात. चोवीस वर्षं मी शहरातल्या एका बंद खोलीत बसून लोकांच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सहली आखल्या. मग कंपनी बुडाली, मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि माझ्याकडे वेळच वेळ आला. आता किनाऱ्यावरच बसून आखायचं. हिला बढती म्हणायची की शिक्षा, ते उन्हाळा संपल्यावर ठरवू.

काम ओळखीचं. दर कुटुंबामागे एक तक्ता: खोली कोणती, नाश्ता कुठे, दुपारी सायकली की डोंगरकडेची पायवाट, आणि शेवटी होडीची फेरी. त्यापुढे ‘नोंदी’ असा एक रकाना. कोणाला मीठ चालत नाही, कोणाचा गुडघा दुखतो, कोण पाण्याला घाबरतं. हा रकाना मी फार मन लावून भरते. माणूस नावापेक्षा नखऱ्यांवरून लवकर ओळखू येतो.

वीस तारखेला धाकटी बहीण येते आहे, नवरा आणि दोन मुलींना घेऊन. आई गेल्यापासून दोन वर्षं आमची गाडी फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे सरकलेली नाही. मीच बोलावलं. त्यांचा तक्ता सगळ्यात आधी केला. धाकट्या भाचीच्या, टिकलीच्या, नोंदी एकट्याच अर्धा रकाना खाऊन बसल्या: अंड्याचा बलक नको, तो बापाच्या ताटलीत सरकवते. होडीत मळमळतं. झोपताना पाय पांघरुणाबाहेरच हवेत. वय वर्षं आठ, थाट संस्थानिकाचा.

मंगळवार, ५ मे

इथे एक गंमत आहे. प्रत्येक तक्त्यात माणसांपेक्षा एक जागा जास्त. कुटुंब चौघांचं असलं, तर गच्चीवरच्या टेबलाला खुर्च्या पाच, ताटल्या पाच, होडीत जॅकेटं पाच. पाचवी तशीच रिकामी राहते आणि तशीच उचलली जाते.

मॅनेजरना विचारलं. गृहस्थ साठीचे, हडकुळे, शब्द रेशनवर मिळत असल्यासारखे बोलतात. मी म्हटलं, हा जास्तीचा कोण येतो? म्हणाले, कोणी येत नाही. मी म्हटलं, मग जागा कशाला? म्हणाले, म्हणूनच. आणि चष्मा पुसत निघून गेले. या माणसाचं लग्न कसं जमलं असेल, याचा मी संध्याकाळभर विचार केला.

होडीवाला जरा मोकळा. तो म्हणाला, अहो बाई, जागा ठेवली की ते गप बसतं. नाही ठेवली की करून घेतं. ते म्हणजे काय, हे विचारल्यावर त्याला एकाएकी दोरखंडाची गाठ फार महत्त्वाची वाटायला लागली.

शनिवार, ९ मे

गर्दीने नाकी नऊ आणले आहेत. गच्चीवर चाळीस खुर्च्या, त्यातल्या नऊ रिकाम्या ‘राखीव’, आणि लोक हातात ताटल्या घेऊन उन्हात उभे. एका तान्ह्या बाळाच्या आईने मला असं काही ऐकवलं, की तिच्याकडे एक सदर चालवायला द्यावं. तिचंच बरोबर होतं.

मॅनेजर डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत, दहा दिवस नाहीत. मी सगळे तक्ते काढले आणि प्रत्येकातली जास्तीची जागा कापली. लाल पेनने. हात दुखेस्तोवर. माणसं तेवढ्या खुर्च्या. हे शहाणपण सुचायला बाहेरून बाई आणावी लागली.

मंगळवार, १२ मे

मालकांचा फोन. जेवणाची रांग संपली म्हणून मनापासून कौतुक. कौतुक ऐकायलासुद्धा अंगात त्राण लागतं, ते नव्हतं. हो-हो म्हटलं आणि टेबलावर डोकं टेकून पंधरा मिनिटं झोपले.

गुरुवार, १४ मे

आज एक विचित्र प्रकार झाला. नीट लिहून ठेवते.

सोमवारी आलेलं कुटुंब आज दुपारी परत निघालं. नवरा, बायको, मुलगा आणि आजोबा. आजोबांना मी चांगली ओळखते. सुपात मीठ नाही ना, हे त्यांनी मला तीनदा विचारलं होतं. गुडघ्यामुळे त्यांना तळमजल्याची खोली दिली होती.

आज निरोपाला ते नव्हते. त्यांच्या जागी एक चाळिशीचा माणूस होता. आजोबांचाच चौकटीचा शर्ट. केस ओले, निथळणारे, आणि शर्ट मात्र कोरडा. नातू त्याचं बोट धरून त्याला आजोबा म्हणत होता. मी सुनेला विचारलं, सासरे कुठे आहेत? ती म्हणाली, हे काय, तुमच्यापुढे तर उभे आहेत! मग नवऱ्याकडे बघून हसली, ऊन लागलं असेल बाईंना.

तो माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत वर गाडीकडे गेला.

आल्या दिवशी काढलेला फोटो पाहिला. फोटोतही तोच.

फक्त माझ्या तक्त्यात, माझ्या अक्षरात: मीठ नको. गुडघा. जिने नकोत.

शनिवार, १६ मे

ऊन लागलं असेल, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. आज तीन शिक्षिका गेल्या. त्यातली एक पाण्याला इतकी घाबरायची, की होडीच्या फेरीला ती धक्क्यावर विणत बसणार असं मी लिहिलं होतं. आज सकाळी ‘ती’ एकटीच पोहत इतकी लांब गेली, की डोकं दिसेना. परत आली तेव्हा धापही लागली नव्हती. तिच्या दोघी मैत्रिणी म्हणाल्या, ही लहानपणापासून मासोळीच आहे.

विणायच्या सुया धक्क्यावर सापडल्या. अर्धा मोजा.

कापलेले सगळे तक्ते पुढे ओढून बसले. अकरा. किती जण गेले असतील, हे मोजायची हिंमत नाही. मोजून उपयोगही नाही. ज्यांची माणसं गेली, त्यांनाच पत्ता नाही.

पुढच्या सगळ्या तक्त्यांत जास्तीची जागा परत लिहिली. मग धाकटीला फोन केला आणि म्हटलं, येऊ नका. कारण विचारलं तर काय सांगणार? इथे फार गर्दी आहे, म्हटलं. ती मग म्हणाली, “आम्ही नको असू तर सरळ सांग ना, ताई. दोन वर्षं तेच तर सांगते आहेस.” आणि फोन ठेवला.

रडू आलं. पण सुटल्यासारखंही वाटलं. रुसली, म्हणजे येणार नाही.

सोमवार, १८ मे

आले.

दोन दिवस आधी. मेहुण्यांनी तिची समजूत घातली, म्हणाले अचानक जाऊ, ताईंचा राग पळेल. भला माणूस. दोनच दिवसांची रजा काढून आला. मी पलीकडच्या टोकाला सायकली वाटत होते. यांचा तक्ता वीस तारखेचा, त्यामुळे गच्चीवर कोणाला काही माहीत नाही. चौघं दिसले, चौघांचं टेबल दिलं.

चार खुर्च्या. मी पोचले, तेव्हा जेवणं उरकत आली होती.

पाचवी खुर्ची मी स्वतः उचलून आणली. धाकटी म्हणाली, बस की मग. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही. तिला ते लागलं. तोंड फिरवून ती समुद्राकडे बघत बसली.

टेबलाखाली टिकलीच्या चपला. ओल्या.

मंगळवार, १९ मे

नाश्त्याला टिकलीने दोन अंडी खाल्ली. बलक आधी. मग ताटलीला लागलेला पिवळा बोटाने चाटूनपुसून.

मी धडपडत ऑफिसात आले, तर दाराशी टिकली. हुंदके देत. म्हणाली, मावशी, आई मला ताटलीच देत नाहीये. हाक मारली तरी बघत नाहीये. तिला पोटाशी धरलं. केस कोरडे. बिस्किटं दिली. खिडकीतून खाली बघितलं, तर दुसरी टिकली मेहुण्यांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती.

धाकटीला हात धरून वर आणलं. हिच्याकडे बघ, म्हटलं. ती टिकलीच्या आरपार खुर्चीकडे बघत राहिली. म्हणाली, ताई, तू एकटी फार राहतेस.

दुपारी मॅनेजर परतले, काळा चष्मा लावून. त्यांना तक्ते दाखवले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दमलेल्या आवाजात म्हणाले, चूक माझीच, मी कारण सांगायला हवं होतं. सांगितलं की लोक नोकरी सोडून जातात, म्हणून सांगत नाही.

एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले. पुढचं मी ओढून काढलं. तक्त्यातली शेवटची गोष्ट होईपर्यंत जागा पक्की होत नाही. म्हणजे उद्या अकराची होडी. तीत जी बसेल, ती घरी जाईल. आता नवी खुर्ची मांडून भागणार नाही. ज्याने जागा कापली, त्याने आपली द्यायची. दुसऱ्या कोणाची चालत नाही. आधीच्यांचं काय, ते आजोबा, त्या शिक्षिका? म्हणाले, त्यांच्या होड्या कधीच जाऊन आल्या.

मग म्हणाले, मॅडम, मुलीचा नाद सोडा. घरच्यांना दुःख होत नाही. त्यांना कळतच नाही.

मला कळतं, म्हटलं.

टिकली माझ्या पलंगावर. पाय बाहेर.

बुधवार, २० मे, सकाळ

टिकलीचा हात कधी दिसतो, कधी — चादरच दिसते नुसती. तिला बोलतं ठेवते आहे. शाळा, मैत्रिणी, कोणाचा दात पडला. ती विचारते, मावशी, तू मला एवढं घट्ट का धरलंयस?

साडेदहा.

खाली धक्क्यावर सगळे आले. धाकटी, मेहुणे, थोरली भाची. आणि ती. जॅकेटं चढवताहेत. होडीवाल्याने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

तक्ता समोर घेतला. माझी जागा कोणती, हे लिहायला बसले तर फार वेळ लागला नाही. ऑफिसातली खुर्ची. वरची खोली, पलंग. एक ताटली, एक पेला. धाकटीची थोरली बहीण. बस. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे रकाने भरले, आपला दोन ओळींत आटपला.

नोंदीत लिहिलं: चहा बिनसाखरेचा. फटकळ आहे, पण —

खोडलं. तिचं ती बघेल.

टिकलीला सांगितलं, पळ. मागे बघू नकोस. होडीत मळमळलं तर लांबवर नजर ठेव. ती म्हणाली, तू पण चल ना. मी म्हटलं, आलेच.

दहा पन्नास

ती होडीतून उतरली. कोणी अडवलं नाही. पायऱ्या चढून वर येते आहे — दर पायरीला थोडी उंच. फ्रॉक आखूड होत — नाही, साडी. माझी निळी. केस पांढरे, ओले.

टिकली तिच्या शेजारून खाली पळाली. एकमेकींकडे बघितलंही नाही.

मी उभी राहिले. तिने खुर्ची ओढली. बसली. फार सवयीने बसली.

खाली धाकटीचा आवाज. “कुठे होतीस गं इतका वेळ! बाबा कधीचे हाका मारताहेत!” टिकलीच्या पाठीत एक धपाटा. मग उचलून होडीत. केस कुरवाळते आहे. दिसलं. पुरे.

उभ्यानेच लिहिते आहे, कपाटाला टेकून.

होडी सुटली. धाकटी उभी राहिली, तोल जाईल गं — खिडकीकडे हात हलवते आहे. खुर्चीकडे. ओरडते आहे. “ताई! रागावू नकोस गं! पुढच्या वर्षी आपण दोघीच —”

खुर्चीतून हात हलला. हो म्हणाला.

चला. एक खुर्ची कापली होती, एक दिली. फिटलं.

ती वळली. माझ्याकडे नाही — पेनाकडे. हात पुढे करते आहे. बरोबर आहे, उद्याचे नऊ तक्ते पडलेत, ते आता तिलाच — बाई, फक्त एवढं लक्षात ठेव, प्रत्येकात एक जास्त —